ख्रिसमसला झाड का सजवतात आणि दारात चांदणी का टांगतात?

झाडाची प्रथा जर्मन भाषक मुलखातली, साधारण सोळाव्या शतकापासूनची. तिथे २४ डिसेंबर हा बायबलमधल्या पहिल्या स्त्री-पुरुषाचा, म्हणजे आदाम आणि हव्वेचा दिवस मानत. त्यांच्या नाटकात एदेन बागेतलं झाड म्हणून हिरवंगार फरचं झाड उभं करायचे आणि त्याला सफरचंदं बांधायचे. आजचे लाल चकचकीत गोळे म्हणजे तीच सफरचंदं! पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर काच फुंकून ते बनवू लागले. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्रजांत ही पद्धत झपाट्याने पसरली.

पुण्यातल्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून बहुधा अरौकेरिया मिळतं. ते पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाकडचं. कुंडीत छान जगतं, सण झाल्यावर टाकून देऊ नका.

चांदणी म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला तारा, जो पाहून पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला शोधत आले. सगळीकडून टोकं निघालेला कागदी तारा मात्र १८३०च्या दशकात जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत, मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला. मला ही गोष्ट फार आवडते. कॅम्पात आमच्या शेजारचे काका दिवाळीनंतर उरलेल्या कामट्या घेतात, खळीने जिलेटिन कागद चिकटवतात, आत बल्ब सोडतात. बांधणी थेट आपल्या आकाशकंदिलाची.