वाचकांचे प्रश्न : विजेची स्कूटर आणि सरकारी अनुदान

प्रश्न : माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. त्यांच्यासाठी विजेवर चालणारी स्कूटर घ्यावयाची आहे. विक्रेते सांगतात, ‘आज पूर्ण रक्कम भरा, अनुदान नंतर तुमच्या खात्यात जमा होईल.’ त्यावर विसंबून कर्ज काढावे काय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतच नाही. आधारद्वारे ओळख पटवून ग्राहकाच्या नावे ई-व्हाउचर तयार होते, अनुदानाची रक्कम बिलातच वजा होते आणि ती सरकारकडून मिळवण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीची असते. म्हणून बिलावर न छापलेली सवलत आपण हिशेबात धरू नये.

ही रक्कमही झपाट्याने घटत आली आहे. जून 2021 मध्ये केंद्राच्या आधीच्या ‘फेम-2’ योजनेत दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे (म्हणजे विजेच्या एका युनिटमागे) 15,000 रुपये मिळत. जून 2023 पासून 10,000 झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये तो दर 5,000 (कमाल 10,000 रुपये) ठरला आणि 2025-26 साठी तोही निम्मा झाला. दर महिन्याच्या पगारातून हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला असे बदल फार जाचतात, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

टिकाऊ लाभ करांमध्ये आहे. 1 ऑगस्ट 2019 पासून विजेच्या वाहनांवर 5 टक्के जीएसटी आहे. पेट्रोलच्या साध्या स्कूटरवर तो 28 टक्के होता. सप्टेंबर 2025 मध्ये 18 टक्के झाल्याने हे अंतर कमी झाले असले, तरी अजून मोठे आहे. राज्याच्या 2025 च्या, 31 मार्च 2030 पर्यंतच्या धोरणात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे, तसेच दुचाकीला मूळ किमतीच्या 10 टक्के, कमाल 10,000 रुपये प्रोत्साहन आहे. मात्र त्यालाही बिलाची कसोटी लावावी. कर्जाच्या व्याजावरील 80ईईबी कलमाची आयकर सवलत केवळ 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना आहे, त्यामुळे आपल्याला ती मिळणार नाही.

ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या स्कूटरला केंद्राचे अनुदान नाही; म्हणून आपली स्कूटर त्या प्रकारची तर नाही ना, हेही विक्रेत्यांना आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : सोसायटीच्या वाहनतळात चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी घ्यावीच लागते काय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सक्ती नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवर वाहन चार्ज करता येते. स्कूटरचा चार्जर सहसा गिझरपेक्षा कमी वीज ओढतो. सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज देऊन, आपल्याच मीटरपासून परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारे बटण) आणि अर्थिंगसह वायर टाकून घ्यावी. मंजूर भार अपुरा पडत असेल, तर तो वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा.