टीव्ही त्यांनी घेतला, तुम्हाला का टोचतोय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. आमच्या रस्त्यावरच्या सहा घरांनी मिळून एक निर्वासित अफगाण कुटुंब स्पॉन्सर केलंय, म्हणजे वर्षभर त्यांचा खर्च आणि जबाबदारी आमची, नवराबायको आणि तीन मुलं, येऊन चार महिने झाले. ती मंडळी बरीच वर्षं पेशावरला होती त्यामुळे उर्दू बोलतात, आणि ग्रुपमध्ये हिंदी येणारी मी एकटीच, मग काय, सगळे फोन मलाच. बल्ब गेला तरी फोन! हौसेने सुरू केलं होतं, आता रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. त्यात गेल्या महिन्यात त्यांनी खर्चाच्या पैशातून ५५ इंची टीव्ही आणला आणि आम्ही गोळा करून दिलेले कोट कपाटात तसेच पडलेत. ग्रुप म्हणतो आता पैसे हातात द्यायचेच नाहीत, सामान आपणच भरून द्यायचं. मला पटत नाहीये, पण खरं सांगू, रागही आलाय.
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : राग येणारच हो, तुम्ही काही संत नाही. पण पैसे रोखायचे नाहीत म्हणजे नाहीत. वर्षभराचा खर्च उचलतो असं तुम्ही सरकारला लिहून दिलंय, ते पैसे त्यांच्या खात्यात गेले की त्यांचे झाले, टीव्ही घ्या नाहीतर जिलेबी खा. मुलांचा सरकारी भत्ता येतो त्यालाही हात लावायचा नाही. आणि व्यवहार म्हणून बघा, बारा महिने संपले की तेराव्याला भाडं, बिलं सगळं त्यांच्या डोक्यावर. आज टीव्हीपायी महिनाअखेर डाळभातावर काढावी लागली तर तुम्ही आहात पाठीशी, हाच धडा चौदाव्या महिन्यात मिळाला तर कोण आहे? बजेटला बसा त्यांच्याबरोबर, पण पेन नवराबायकोच्या हातात द्या.

टीव्हीचं म्हणाल तर बाहेर बर्फ, घरात तीन मुलं, भाषा येत नाही... मीसुद्धा घेतला असता.

कोटांवरून आठवलं. २०१५च्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कॅनडाने २५ हजारांवर सीरियन आणले तेव्हा मी टोरांटोत अशाच एका ग्रुपमध्ये होते. घर लावलं, फ्रिज भरला, पीनट बटर, स्लाइस ब्रेड, सीरियलचे खोके, फार कौतुक वाटलं स्वतःचं. तीन आठवड्यांनी गेले तर सगळं फ्रिजच्या वर ओळीने मांडून ठेवलेलं, एकाचंही सील फोडलेलं नाही. त्या बाईंना स्कार्बरोच्या एका अरबी दुकानात घेऊन गेले, त्यांनी पार्सलीची जुडी उचलली, नाकाला लावली, परत ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली, मग माझ्याकडे बघून मान हलवली, नको. तोवर मी देईन त्याला नुसतं थँक्यू थँक्यू चाललं होतं, मला पहिल्यांदाच 'नको' ऐकायला मिळालं. तुमचे कोट मापाचे नसतील, आवडले नसतील, दुसऱ्याचे वापरलेले घालायला लाज वाटत असेल. विचारलंत का कुणी?

आता फोन. वेळ ठरवा, संध्याकाळी सात ते आठ, बाकी वेळी फक्त इमर्जन्सी. फ्रिजवर कागद चिकटवा : बल्ब, नळ, हीटर म्हणजे बिल्डिंगचा सुपर (देखभाल करणारा माणूस), आग किंवा जिवावरचं असेल तर ९११, बाकी कुठे काय मिळतं ते २११, तिथे दुभाषीही मिळतो. बसने जायला शिकवताना पहिल्या दिवशी शेजारी बसा, दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर, तिसऱ्या दिवशी घरी बसा. सरकारी इंग्लिश क्लास फुकट असतो, नाव घातलं नसेल तर याच आठवड्यात घाला.

एक मात्र कडक सांगते, डॉक्टरकडे दुभाषी म्हणून त्यांच्या मुलाला न्यायचं नाही. आईची पाळी नाहीतर बापाची झोप उडाल्याचं दहा वर्षांच्या पोराने का सांगायचं? आणि तुम्हीही नको. उद्या तुमच्याच अंगणात बार्बेक्यूला भेटायचंय त्यांना. शिवाय उर्दू ही त्यांची घरची भाषा नाही, दुखणं माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो, तेव्हा दारी किंवा पश्तो, या अफगाणी भाषांपैकी जी काही असेल त्याचा दुभाषी आधीच मागून ठेवा.

ग्रुप ऐकत नसेल तर त्यांना सांगा, हे काही आजचं नाही. १९७९-८०मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून ६० हजारांच्या आसपास लोक आले, त्यातले निम्म्याहून जास्त अशाच शेजाऱ्यांच्या ग्रुपांनी आणि चर्चनी आणले, १९८६ला निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल अख्ख्या कॅनडाच्या जनतेला संयुक्त राष्ट्रांचं नॅन्सेन पदक मिळालं. त्या वेळीही चर्चच्या तळघरातल्या मीटिंगांमध्ये कुणाच्या ना कुणाच्या टीव्हीवरून वाजलं असणारच, पैज लावते.

प्रश्न : मागच्या अंकात या स्पॉन्सरशिपबद्दल वाचलं. माझ्या भाच्याला यातून कॅनडाला जाता येईल का? टोरांटोत आमच्या ओळखीची पाच माणसं आहेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्यासाठी माणूस निर्वासित लागतो, स्वतःच्या देशाबाहेर पडलेला, आणि पाचजणांच्या ग्रुपने आणायचं तर तो निर्वासित आहे असं संयुक्त राष्ट्रांनी किंवा तिथल्या सरकारने मान्य केलेलं लागतं. भाचा नाशकात सुखरूप आहे ना? मग आयईएलटीएसला, म्हणजे इंग्लिशच्या परीक्षेला, बसवा त्याला. आणि पैसे घेऊन हे करून देतो म्हणणारा एजंट भेटला असेल तर त्याचा नंबर आजच ब्लॉक करा.