नियमानं वागलो, तरी चोरासारखं का वाटतं?

"मॅडम, मी खोटं लिहिलं नाही. मग मलाच चोरासारखं का वाटतं?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे शब्द बदलून सारखा येतो. पतपेढीत गहाणाचं सोनं तपासणारे विचारतात, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभे राहणारे शिक्षक विचारतात. आपल्या खान्देशात गावं लहान आणि नाती दाट, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस कुणाचा काका असतो, कुणाचा साडू. या वेळी विचारणारा तापीकाठच्या गावांत काम करणारा एक कृषी सहायक होता, तिशीच्या आतला. त्याच्या परवानगीनंच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ झालं आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या. दोन दिवसांनी पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि हा, असे तिघं शेतोशेत फिरत होते. फिरता फिरता त्याच्या सख्ख्या मामाची तीन एकर मृगबाग (मृगाच्या सुमारास लावलेली केळी) आली. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं (२०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती). मामाच्या बागेत त्याला २८ टक्के नुकसान मिळालं. एकरी १७०० च्या आसपास खोडं धरली, तर तीन एकरांत चौदाशेहून जास्त खोडं गेली, तीही कापणीला आलेल्या घडांसकट. नुकसान खरंच मोठं होतं. आकडा तेवढा पाचनं कमी पडत होता.

बांधावर उभे राहून मामा हळूच म्हणाले, "सरकारना पैसा शे, तुनं काय जास?" बरोबरचे दोघं मोबाइलमध्ये बघत राहिले. तुमचे मामा, तुम्हीच ठरवा, असा त्याचा अर्थ. यानं २८ लिहिलं, सही केली आणि चहा न घेताच गाडीला किक मारली.

याच मामांकडे राहून तो अकरावी-बारावी शिकला होता. कृषी पदविकेची फी मामांनी केळीच्या कापणीच्या पैशातून भरली होती. मदतीच्या यादीत आपलं नाव नाही हे मामांना ग्रामपंचायतीच्या फलकावर कळलं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईला माहेरी न्यायला मुऱ्हाळी आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आईनं सणाच्या दिवशी झोका बांधू दिला नाही आणि याची झोप उडाली.

पहिल्या भेटीत त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढली. शंभर खोडांची एक ओळ, अशा सहा ओळी त्यानं मोजल्या होत्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा गठ्ठ्यांनी पान भरलं होतं. कडेला केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. वर्षभर ती डायरी तो शर्टाच्या खिशात बाळगत होता. "बघा ना, बरोबर मोजलंय," असं त्या तासाभरात तो चार वेळा म्हणाला.

मी आकडे तपासायला बसले नाही. तो स्वतःशीच खटला लढत होता. त्यात मी न्यायाधीश झाले असते, तर पुढच्या वेळी तो दुसरा न्यायाधीश शोधत फिरला असता. त्याऐवजी, मामांचं म्हणणं तुम्ही स्वतःला कसं समजावता, असं विचारलं.

त्याची उत्तरं तयार होती. वर्तणूक नियम त्याला पाठ होते. राज्य कर्मचाऱ्यांना लागू असलेले महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९७९ चे आहेत आणि सचोटी व कर्तव्यनिष्ठा त्यांच्या सुरुवातीलाच येतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात त्यानं कांट आणि बेंथम हे तत्त्वज्ञही वाचले होते. सगळ्यांनी तसंच वागावं असं म्हणता येईल, तेच करावं, हा कांटचा मार्ग. प्रत्येक सहायकानं आपापल्या मामाला पाच टक्के वाढवून दिले, तर पंचनाम्याला किंमतच उरत नाही. बेंथमच्या मार्गानं जास्तीत जास्त लोकांचं भलं बघायचं. 'तुनं काय जास' हा वरवर त्याच वळणाचा प्रश्न आहे. पण हिशेब पुरा केला, तर शेजारच्या बांधावरची बाई त्यात येतेच. तिचंही नुकसान ३० टक्क्यांच्या आत होतं आणि तिला कृषी खात्यात भाचा नव्हता. म्हणजे दोन्ही मार्गांनी उत्तर एकच, २८. "मग त्रास कसला?" असं तो स्वतःच विचारून गप्प झाला.

इथे मला डब्ल्यू. डी. रॉस या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाची फार मदत होते. त्यानं १९३० मध्ये मांडलं की माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी अनेक कर्तव्यं असतात. दिलेला शब्द पाळणं, न्यायानं वागणं, कुणाला इजा न करणं, केलेल्या उपकारांची जाण ठेवणं. त्यांची टक्कर होते तेव्हा त्या प्रसंगी जे जड, ते करायचं. पण मागे पडलेलं कर्तव्य त्यामुळे पुसलं जात नाही. त्याची बोच राहते आणि त्या माणसाची भरपाई दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं करणं आपल्यावर येतं.

हे मी त्याला सांगितलं आणि विचारलं, "आकडा तुम्ही मामांना तोंडानं सांगितला होता का?"

तो बराच वेळ डायरीकडे बघत राहिला. सांगितला नव्हता. बाग मोजायला आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तालुका कृषी अधिकाऱ्यांना आधी कळवलंही नव्हतं. मामांचा फळपीक विमा होता, त्यात नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. ते सांगायला तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. मुदत टळली. चोरासारखं त्याला वाटत होतं ते इथे. २८ हा आकडा चोख होता, पण त्यानंतर तो जो पळाला, ते त्याला टोचत होतं.

याच प्रश्नानं ज्यांची झोप गेली आहे त्यांना मी हेच सुचवते. जिवाभावाच्या माणसाचं काम आपल्यापुढे येणार असं दिसलं, की वरिष्ठांना आधीच लेखी कळवा आणि बाजूला व्हा. ते जमलं नाही तर निर्णय स्वतःच्या तोंडानं सांगा, त्याच दिवशी, यादी लागायच्या आधी. आणि नियमात बसणारी जी काही मदत असेल, ती परक्यालाही केली असती तेवढ्याच हिरिरीनं करा. पुष्कळ सरळ माणसं इथेच चुकतात असं मला वाटतं. पक्षपात होईल या भीतीनं ती आपल्या माणसाला परक्याहून परकं करतात आणि त्यालाच सचोटी समजतात.

मधल्या काळात मामांचा मला फोन आला. भाचा माझ्याकडे येतो हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "तो माझ्याबद्दल काय सांगतो?" मी म्हटलं, माझ्याकडे कोण येतं हेसुद्धा मी कुणाला सांगू शकत नाही. गोपनीयता हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे. मामा चिडले आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज म्हाताऱ्या, दुखावलेल्या माणसाचा होता. मला काही तरी करावंसं वाटत होतं आणि करता येत नव्हतं. भाच्याला फोनचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही २८ लिहावं लागलं."

चौथ्या भेटीनंतर तो मामांकडे गेला. माफी कशाची मागायची ते आम्ही नीट ठरवलं होतं. आकड्याची नाही. न सांगता निघून गेल्याची आणि विम्याचं राहून गेल्याची. त्यानं ओट्यावर बसून डायरी मामांच्या पुढे ठेवली. मामांनी चष्मा लावून एकेक गठ्ठा बोटानं मोजला. मग मान वर न करता म्हणाले, "बांधकडनी ओळ मोजी का तू?"

ती ओळ मोजली होती की नव्हती, यावर दोघं दिवेलागणीपर्यंत भांडत बसले. मामींनी दोनदा चहा केला.