इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?

हा प्रश्न माझ्या कर्वेनगरच्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलाय की तो येताच मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवते. कधी काचबिंदू असतो, कधी थायरॉइड. या बाईंच्या हिरड्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सिंहगड रोडला राहणाऱ्या शिक्षिका, वय ४६. हिरडीखालचं हाड झिजलंय, दोन दाढा हलतायत, असं कळल्यापासून झोप उडालेली.

"दोन वर्षांपूर्वी दाढेत सिमेंट भरलं, तेव्हा त्या डॉक्टरांना दिसलं नाही?"

राग रास्त होता. दात आणि हिरडीमधली खाच बारीक सळईनं मोजावी लागते. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे शंका. दुखरा दात भरून पेशंटला वाटेला लावलं की मोजायचं राहतं. आजार स्वतः बहुधा दुखत नाही. तंबाखू-सिगारेट असेल तर रक्तही कमी येतं, म्हणजे तीही खूण जाते.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "रक्त कधीपासून?"

"मुलगा दहावीला होता. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

बराच वेळ त्या पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. "आमची आजी मिश्री लावायची. तोंडाला वास यायचा, दात पडले. आम्ही नातवंडं तिच्याजवळ झोपायला नको म्हणायचो. मला वाटायचं, हिरड्या अशांच्याच जातात."

उशीर अज्ञानामुळे होतो, हे मी फारसं मानत नाही. आजाराला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला अडवतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. 'घाणेरड्यांनाच होतं' या एका विचारापायी बाईंनी रक्त येई तिथे ब्रश फिरवणंच सोडलं होतं. मग तिथेच किटण साचलं.

तुमचंही असं असेल तर ब्रश थांबवू नका, हलक्या हातानं फिरवा. डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, "हिरड्या मोजून बघा." डॉक्टरांकडून दात साफ करून घेतल्यानं ते ढिले होत नाहीत, किटण निघाल्यावर आधीचीच फट दिसते, एवढंच. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण झीज थांबवता येते.

"सहा वर्षं रक्त येतंय, मी लपवलं," हे वाक्य बाईंनी माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.

पुढच्या भेटीत दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर रागावले नाहीत हो. घरात मधुमेह कुणाला, एवढंच विचारलं. साखर वाढली की हिरड्याही बिघडतात म्हणे." खुर्चीत बसल्या. "मॅडम, आजीला साखर होती."