वाचकांचे प्रश्न : गळ्याने चालवायचा खेळ

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा गाणे शिकतो. सध्या तो संगणकावर ‘वन हँड क्लॅपिंग’ नावाचा खेळ खेळतो. त्यात मायक्रोफोनसमोर सूर लावला की पडद्यावर वाट तयार होते. आमचे घर सुळेभावीपासून जवळ आहे, त्यामुळे सासूबाई म्हणतात, ‘कुमार गंधर्वांच्या जन्मगावाशेजारी राहून पोर यंत्रापुढे आ करून बसते.’ मुलाच्या मते मात्र हाही रियाजच आहे. हा खेळ रियाजात धरावा का, आणि त्याने गळ्याला अपाय होईल का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : रियाजात धरू नये, पण बंदही करू नये. ‘बॅड ड्रीम गेम्स’ या स्वतंत्र चमूने तयार केलेला आणि 2021 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा खेळ उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळांपैकीच आहे. चालणे आणि उडी नेहमीप्रमाणे कळांवरच असते, मात्र वाटेतली कोडी खेळणाऱ्याच्या आवाजाने सुटतात. सूर वर नेला की वाट चढते, खाली आणला की उतरते. ज्या मुलाला चारचौघांत तोंड उघडायला संकोच वाटतो त्याला बंद खोलीत हा खेळ फार मोकळे करतो, आणि आपला सूर कुठे हलला हे डोळ्यांना तत्काळ दिसल्यामुळे श्वास पुरवून वापरण्याची सवयही थोडीफार लागते. खेळाचे श्रेय मला एवढ्यापुरते निश्चित द्यावेसे वाटते.

यापुढे मात्र गाणे आणि खेळ यांच्या वाटा वेगळ्या होतात. यंत्र आवाजाची कंपनसंख्या मोजते; मुलाचा षड्ज काळी चारवर आहे की पांढरी दोनवर, याचे त्याला सोयरसुतक नसते. आपल्या संगीतात प्रत्येक स्वर षड्जाशी असलेल्या नात्यावर उभा असतो, आणि नेमके तेच नाते येथे गैरहजर आहे. गंधाराचेच पाहा. तानपुरा नीट जुळला की त्याच्या तारांतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा सम अंतराने लावलेल्या पेटीतला शुद्ध गंधार सुमारे 14 सेंट, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. गुरुजी हा फरक पकडतात आणि विद्यार्थ्याला पुन्हा सूर लावायला सांगतात. कोडे सोडवू पाहणाऱ्या खेळाला इतक्या बारकाव्याची गरजच नसते. म्हणूनच खेळात वाट सरळ झाली म्हणजे सूर लागला, असे मुलाने मानू नये, आणि सकाळचा तानपुऱ्यासमोरचा वेळ या खेळाने खाऊ नये.

गळ्याचे म्हणाल तर धोका खेळात नसून ईर्ष्येत आहे. तेरा वर्षे हे आवाज फुटण्याचे वय. कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज आज लागत नाही, आणि पडद्यावरची वाट वर चढलीच पाहिजे या हट्टाने मुले गळा ताणतात. या खेळाला पूर्ण तोंड उघडून गाणे आवश्यक नाही, मिटल्या ओठांनी गुणगुणलेलेही चालते, त्यामुळे त्याला तसे खेळायला सांगावे. घसा ओढल्यासारखा वाटला की थांबावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक तांत्रिक बाबही येथे सांगतो. पार्श्वभूमीचा गोंगाट गाळण्याची सोय संगणकात चालू असेल तर ती एकसारख्या, न बदलणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजते. मुलाने छान लांबवलेला ‘आ’ ती अर्ध्यातच कापून टाकते आणि मूल उगाच अधिक जोर लावते. मायक्रोफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करावी. खेळाचे संगीत स्पीकरमधून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून वायरचे इअरफोन वापरावेत, कारण ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. स्वयंपाकघर शेजारीच असेल तर कुकरची शिट्टीही यंत्राला सूरच वाटू शकते, हे ओघाने आलेच. सासूबाईंनीही एकदा मायक्रोफोनसमोर जात्यावरची ओवी म्हणून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवीन; त्यांची वाट नातवापेक्षा लांब जाण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : मित्राच्या शिफारशीवरून ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ हा खेळ घेतला. त्यात उडी मारण्याची कळच नाही. ही उणीव आहे की मुद्दाम केले आहे? शिवाय घरच्या संगणकावर मराठी आणि कन्नड दोन्ही टंकलेखन असल्याने काही खेळांत कळा दाबूनही पात्र हलत नाही.
— एक महाविद्यालयीन वाचक, निपाणी

उत्तर : मुद्दाम केले आहे. टेरी कॅव्हनॉ यांच्या 2010 मधील या खेळात कळ दाबली की गुरुत्वाकर्षण उलटते आणि नायक छताला जाऊन चिकटतो. पुन्हा उलटवायचे तर पाय कुठेतरी टेकलेले असावे लागतात, हवेत काही करता येत नाही. एवढ्या एका नियमातून काय उभे राहते, ते एका जागी फार चांगले दिसते. समोर गुडघाभर उंचीचा दगडासारखा अडथळा असतो, उडी असती तर क्षणात पार झाला असता. तो ओलांडण्यासाठी नायकाला काट्यांमधून कित्येक पडदे वर जाऊन त्याच मार्गाने खाली यावे लागते. तो टप्पा ऐच्छिक आहे, म्हणून तेथे अडून बसू नये. खेळाची गती कमी करण्याची सोयही दिलेली आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही.

कळांचे कारण वेगळे आहे. काही खेळ कळीची जागा न पाहता तिने उमटवलेले अक्षर पाहतात. कळफलक मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर त्यांना अपेक्षित असलेले रोमन अक्षर मिळतच नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून खेळापुरती इंग्रजी भाषा निवडावी. त्यानेही पात्र हलले नाही तर बाणांच्या कळा वापरून पाहाव्यात, कारण त्या कोणत्याही भाषेत बदलत नाहीत.