समासात लाल पेनाने 'माल दी'

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय फ्रेंच. बी वन या पातळीपर्यंत वर्गात पहिल्या दोघातिघांत असायचे, आता बी टू ही पुढची पातळी सुरू झाली आणि गाडीच अडली. ग्रामर पाठ आहे, शब्द पाठ आहेत, तरी निबंध परत येतो तेव्हा समासात लाल पेनाने 'माल दी', 'माल दी', 'काल्क' असं लिहिलेलं असतं. ऑडिओ लावला की पहिली दोन वाक्यं कळतात, पुढे नुसता गोंगाट. रोज दोन तास बसते, अजून किती बसू? – एक वाचक

उत्तर : अगं, तास वाढवू नकोस. आधी त्या लाल शब्दांकडे बघू, कारण तुझं दुखणं तिथेच लिहिलेलं आहे. 'माल दी' म्हणजे चुकलेलं नाही, तर 'असं म्हणत नाहीत', आणि 'काल्क' म्हणजे दुसऱ्या भाषेतून उचलून जसंच्या तसं ठेवलेलं. बी वनला अर्थ पोचला की मार्क मिळायचे, बी टूला तो कसा पोचवला हे बघतात. म्हणून तुला वाटतंय की तू मागे गेलीस. गेली नाहीस, मोजपट्टी बदलली.

आता ही दुसरी भाषा कुठली ते ओळख बघू. तू फ्रेंच लिहिताना डोक्यात इंग्रजीत वाक्य करतेस का? बहुतेक सगळेच करतात, कारण पुस्तकातल्या सूचना, डिक्शनरी, नोट्स सगळं इंग्रजीतूनच आलेलं असतं. मग 'निर्णय'साठी 'फेर' वापरलं जातं, इंग्रजीतल्या मेकसारखं, आणि सरांचं पेन चालतं. फ्रेंचमधे क्रियापद 'प्राँद्र', म्हणजे घेणे. आपण काय म्हणतो? निर्णय घेतला! मराठीतून गेली असतीस तर बरोबर आलं असतं. अर्थात मराठी प्रत्येक वेळी वाचवत नाही हं, आपण प्रश्न विचारतो पण फ्रेंच माणूस तो 'पोझे' करतो, म्हणजे मांडतो, तिथे 'दमाँदे' लिहिलंस की परत लाल. आणि 'आक्त्युएलमाँ'चा अर्थ 'सध्या', 'एव्हाँत्युएलमाँ'चा 'जमलं तर, कदाचित', दोन्ही इंग्रजी चुलतभावंडांसारखे दिसतात आणि दोन्ही दगा देतात.

सब्जाँक्तिफचा, म्हणजे इच्छा, शंका असं काही असलं की येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाचा, तू पत्रात उल्लेख नाही केलास, पण बी टूला त्याने छळलं नाही असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. यादी पाठ करायची आणि परीक्षेत विसरायची असा तो धडा. मला तो कळला तो मराठीमुळे, आणि खरं सांगते, जरा उशिराच कळला. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' बघ, येणं झालेलं नाही, ते फक्त माझ्या इच्छेत आहे. 'झ व्ह क त्यु व्हियेन', हेच ते. आता 'आशा आहे तू येशील' म्हण. इथे आपण 'यावंस' नाही म्हणत, सरळ भविष्यकाळ, आणि फ्रेंचमधेही 'एस्पेरे'नंतर सरळ भविष्यकाळच येतो, 'झेस्पेर क त्यु व्हियाँद्रा'. इच्छा आणि आशा वेगळ्या का वागतात म्हणून वर्गात सगळे डोकं धरून बसतात, आणि आपल्या तोंडात ते लहानपणापासून आहे. तसंच 'बियँ क'चं, म्हणजे 'जरी'चं. 'पाऊस पडतोय' हे 'जरी' आलं की 'पडत असला तरी' होतं, क्रियापद थोडं मऊ पडतं ना, फ्रेंचमधेही तिथे सब्जाँक्तिफ. सगळीकडे जोडी जुळेल असं मात्र समजू नकोस. 'आव्हाँ क'ला ('आधी') सब्जाँक्तिफ लागतो आणि 'आप्रे क'ला ('नंतर') लागत नाही, हे मराठीतून सुचणार नाही, नुसतं लक्षात ठेवायचं, आणि यात खुद्द फ्रेंच लोकही सर्रास चुकतात हे कळलं की जरा बरं वाटतं.

जोडशब्दांचं थोडक्यात. बी टूवाल्यांना 'सपाँदाँ', 'नेआँम्वँ', 'तुतफ्वा' (तिन्ही 'तरीही, मात्र' अशा अर्थाचे) सापडले की प्रत्येक परिच्छेदात एक पेरतात. कमी वापर. त्यापेक्षा 'आनेफे' आणि 'आँ फेत' यांतला फरक पक्का कर, पहिलं आधीच्या वाक्याला दुजोरा देतं, 'कारण खरंच तसं आहे' असं, आणि दुसरं त्याला वळवतं, 'खरं तर तसं नाहीये' असं. दोघांची अदलाबदल झाली की तुझा मुद्दा उलटा वाचला जातो.

आता काय करायचं ते. नवा निबंध लिहू नकोस, परत आलेलाच घे आणि फक्त लाल झालेली वाक्यं तीन-तीन तऱ्हेने लिही, नंतर आठवड्याने तोच निबंध कोऱ्या कागदावर न बघता परत लिही. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण महिन्याला चार नवे निबंध लिहून त्याच चार चुका चार वेळा करण्यापेक्षा हे बरं.

ऐकण्याचं म्हणशील तर तो गोंगाट म्हणजे तुला माहीत असलेलेच शब्द आहेत, आवळलेले. 'झ न से पा' ('मला माहीत नाही') तू वाचलंस तर लगेच कळेल, पण बोलताना 'न' गळतो आणि उरलेलं 'शेपा' होतं. 'त्यु आ'चं ('तुझ्याकडे आहे') 'ता', 'इल या'चं ('आहे') नुसतं 'या'. आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र चांगलं आहे, सोबत लिखित मजकूरही मिळतो, पण बातम्या देणारा माणूस स्वच्छ बोलतो, त्याच्याकडून 'शेपा' ऐकायला मिळणार नाही. त्यासाठी गप्पा ऐक, मुलाखती ऐक, आणि एकच मिनिट घे. ऐकू येईल तसं लिहून काढ, मग मजकुराशी ताडून बघ की नेमकं कुठे काय गिळलं गेलं. एका मिनिटाला अर्धा तास जाईल. जाऊ दे.

प्रश्न : डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी टू पातळीची द्यायची आहे. पास व्हायला किती लागतात, आणि सर्टिफिकेट किती वर्षं चालतं?

उत्तर : 100 पैकी 50. चार भाग, प्रत्येकी 25 मार्कांचे, आणि प्रत्येकात किमान 5 हवेतच, एकात 4 आले तर बाकी कितीही असोत, नापास. डिप्लोमाला मुदत नाही, आयुष्यभर चालतो (टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचा निकाल मात्र दोनच वर्षं चालतो, लोक या दोन्हींत गल्लत करतात). लेखनाला एक तास, किमान 250 शब्द, आणि मोजणी दोन रिकाम्या जागांमधला तो एक शब्द अशी असते, म्हणजे 'से-ता-दीर' ('म्हणजेच') कितीही लांब दिसला तरी एकच. तोंडीला तयारीचा अर्धा तास मिळतो, त्यात अख्खं भाषण लिहीत बसू नकोस, मुद्दे लिही आणि परीक्षक कुठे अडवेल याचा विचार करून ठेव, कारण तो अडवणारच, तेच त्याचं काम आहे.