बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि बदलल्या

प्रश्न : मुलाच्या खासगी शाळेतल्या बाई वर्गशिक्षिका असताना आमच्याशी मोकळेपणानं बोलायच्या. मुख्याध्यापिका झाल्यापासून फीवाढीबद्दल विचारलं की शिपायाकरवी परत पाठवतात. असं का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, मी ठाण्यात मुख्याध्यापिका होते. त्या खुर्चीवर वरून संस्थाचालकांचे फोन येतात आणि हाताखालचं कुणी ‘नाही’ म्हणत नाही. माणूस या दुसऱ्या गोष्टीनंच जास्त बिघडतो, हे माझं ठाम मत. बाईंवर राग धरू नका, पण गप्पही बसू नका. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. तिथे नाव द्या. तोवर प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्याच.